एमआरसीपीला जाण्याआधी: स्वादुपिंड दिसतं कसं आणि काम किती करतं

पोटाच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘एमआरसीपी’ (पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्या दाखवणारा एमआरआय) लिहून दिलं की घरात लगेच दोन प्रश्न निघतात: दुखेल का आणि खर्च किती येईल? दोन्ही रास्त आहेत, पण त्यांच्याही आधीचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. या तपासणीतून आपल्याला नेमकं काय कळायला हवंय? स्वादुपिंड दिसतं कसं, हे की ते काम किती करतं, हे? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. फोटोत खराब दिसणारं स्वादुपिंड अजून बऱ्यापैकी काम करत असू शकतं आणि ‘नॉर्मल’ रिपोर्ट आलेल्या माणसाला जेवण पचत नसू शकतं.

माझ्या धाकट्या भावाला दीर्घकालीन पँक्रिएटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची जुनाट सूज आहे. त्याच्या फाइली सांभाळणं, अपॉइंटमेंट घेणं, रिसेप्शनवर उभं राहणं हे सगळं माझ्याकडे असतं. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं, तपासणी कोणती, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण त्यांच्या खोलीतून चिठ्ठी घेऊन बाहेर पडल्यापासून रिपोर्ट घेऊन परत आत जाईपर्यंत जी धावपळ होते, ती कमी व्हावी म्हणून हे लिहितो आहे.

१. स्वादुपिंडाची दोन कामं आधी वेगळी करा

स्वादुपिंड, म्हणजे आपण बोलताना म्हणतो ते पँक्रियाज, जठराच्या मागे आडवं असतं. लांबी साधारण १५ सेंटिमीटर. डोकं उजवीकडे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात, शेपूट डावीकडे प्लीहेजवळ.

त्याचं एक काम पचनाचं. दिवसाला लिटरभर, कधी त्याहून जास्त पाचकरस ते तयार करतं. त्यात पिठूळ पदार्थ, प्रथिनं आणि चरबी पचवणारी एंझाइम असतात, शिवाय जठरातून आलेलं आम्ल शमवणारं बायकार्बोनेट. हा रस मधल्या मुख्य नळीतून आतड्यात उतरतो. दुसरं काम साखरेचं, म्हणजे इन्सुलिन आणि ग्लुकॅगॉन ही हॉर्मोन थेट रक्तात सोडणं.

स्कॅनमधून कार्यक्षमता बघायची असं डॉक्टर म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा पहिलं काम अभिप्रेत असतं. साखरेच्या कामासाठी अजून तरी रक्ताच्याच तपासण्या वापरतात: उपाशीपोटीची साखर, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), गरज पडली तर सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन किती बनवतं याचा अंदाज). इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी पेट स्कॅनवर मोजण्याचे प्रयत्न चालू आहेत, पण ते संशोधनाच्या पातळीवर. तुम्हाला कुणी तेवढ्यासाठी पेट स्कॅन सुचवला तर कारण विचारून घ्या.

आता इथला पहिला खड्डा. स्वादुपिंडाकडे शिल्लक ताकद भरपूर असते. चरबी पचवणाऱ्या लायपेजचं प्रमाण सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याशिवाय संडासातून तेल जाताना उघड दिसत नाही. म्हणून ‘मला काही त्रास नाही’ याचा अर्थ ‘सगळं ठीक आहे’ असा होत नाही.

आणि दुसरा: रक्तातलं अॅमायलेज आणि लायपेज. ही दोन नावं रिपोर्टवर नॉर्मल दिसली की नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात. पण त्या आकड्यांवरून स्वादुपिंडाला सध्या सूज आहे का, याचा अंदाज येतो. ते काम किती करतं हे त्यांवरून ठरत नाही. जुनाट आजारात झिजलेल्या स्वादुपिंडाचे हे आकडे बिनधास्त नॉर्मल येतात.

२. कोणत्या तपासणीतून काय कळतं

सोनोग्राफी स्वस्त आणि लगेच होणारी. पित्ताशयातले खडे, मोठी गाठ, पाणी साठलंय का, हे दिसतं. पण स्वादुपिंडासमोर जठर आणि आतडी असतात, त्यांत हवा असली की मागचं काही दिसत नाही. रिपोर्टवर ‘टेल ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस’ असं लिहिलेलं असेल तर शेपटीचा भाग बघायचाच राहिला आहे असं समजा.

सीटी स्कॅन कॅल्शियमचे खडे पकडण्यात सगळ्यात पटाईत. भारतात, विशेषतः केरळात, तरुणपणीच स्वादुपिंडात मोठाले खडे होण्याचा प्रकार पूर्वीपासून ठाऊक आहे, त्यात सीटी फार उपयोगी पडतो. मात्र त्यात क्ष-किरण असतात, त्यामुळे दर सहा महिन्यांनी उगाच करत बसण्याची ही तपासणी नाही.

एमआरसीपी हा एमआरआयचाच प्रकार. यात क्ष-किरण नाहीत आणि साध्या एमआरसीपीला कॉन्ट्रास्टचं, म्हणजे प्रतिमा उठावदार करणाऱ्या औषधाचं, इंजेक्शनही लागत नाही. साठलेलं पाणी पांढरंशुभ्र आणि बाकी सगळं काळं दिसेल अशा पद्धतीने प्रतिमा घेतात, त्यामुळे पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी ठसठशीत उठून दिसते. नळी कुठे फुगली आहे, कुठे अरुंद झाली आहे, आत खडा अडकला आहे का, बाजूच्या बारीक फांद्या रुंदावल्या आहेत का, हे कळतं. एमआरआयवर कॅल्शियम नीट दिसत नाही, नळीतला खडा पांढऱ्या रेषेतली काळी पोकळी म्हणून दिसतो. सीटी झाल्यावरही एमआरसीपी सांगतात किंवा उलट होतं, त्याचं कारण हे. कुणी पैसे काढायला बसलेलं नाही.

पूर्वी हीच नळी बघायला तोंडातून दुर्बीण घालून ईआरसीपी करत. त्या प्रक्रियेनंतर काही रुग्णांना पँक्रिएटायटिसचाच झटका येतो, म्हणून आता नुसतं बघायला ईआरसीपी करत नाहीत. खडा काढणं, स्टेंट टाकणं असं काही करायचं असेल तरच करतात.

इतकं सगळं दिसतं ते रचनेचं. कामाचा अंदाज स्कॅनमधूनच घ्यायचा असेल तर त्यासाठी आहे सिक्रेटिन (स्वादुपिंडाला रस सोडायला लावणारं हॉर्मोन) देऊन केलेली एमआरसीपी. तिच्याबद्दल नवव्या टप्प्यावर सविस्तर.

३. चिठ्ठीवर प्रश्न लिहून घ्या

माझ्या मते सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथे आणि याला एक पैसाही लागत नाही.

चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरसीपी’ आणि खाली ‘पोटदुखी’ एवढंच असेल तर रेडिओलॉजिस्ट सगळ्या पोटावरून नजर फिरवून एक सर्वसाधारण रिपोर्ट देतो. त्याला तरी दोष कसा द्यायचा? त्याच्यासमोर रुग्ण नसतो, असतात त्या दीडशे-दोनशे प्रतिमा आणि एक ओळ. त्याच चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘दोन वेळा अॅक्यूट पँक्रिएटायटिस, वजन घटतंय, मुख्य नळीत अडथळा आहे का, फांद्या रुंदावल्यात का, पँक्रियाज डिव्हिजम (नळ्यांची जन्मतः वेगळी जोडणी) आहे का’ असं लिहिलं तर रिपोर्ट त्या प्रश्नांची उत्तरं देतो.

तेव्हा खुर्चीतून उठण्याआधी विचारा: “सर, यातून आपल्याला काय बघायचंय, ते चिठ्ठीवर लिहून द्याल का?” आमचे डॉक्टर हसले होते, पण चार ओळी लिहून दिल्या. शिवाय हेही विचारून घ्या:

- साधी एमआरसीपी पुरेल की पूर्ण पोटाचा कॉन्ट्रास्ट एमआरआय हवा आहे?
- झटका येऊन गेल्याला किती दिवस झाले असावेत? ताज्या सुजेत काढलेल्या प्रतिमेवरून कायमचं नुकसान किती ते ठरवणं कठीण जातं.
- जोडीला शौचातलं इलास्टेज (पचनाच्या एका एंझाइमची तपासणी) करायचं का?

४. सेंटर ठरवताना फोनवर काय विचाराल

मशीन किती टेस्लाचं (म्हणजे चुंबक किती ताकदीचं) आहे हे विचारायला हरकत नाही, १.५ आणि ३ टेस्ला दोन्हींवर एमआरसीपी चांगली होते. मला विचाराल तर टेस्लापेक्षा रिपोर्ट कोण देणार हे महत्त्वाचं. पोटाच्या रेडिओलॉजीत मुरलेला माणूस असेल तर रिपोर्टची जातच बदलते.

दर विचारताना फिल्म, सीडी आणि कॉन्ट्रास्ट धरून सांगा असं स्पष्ट म्हणा. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत दर बराच कमी असतो, मात्र तारीख लांबची मिळू शकते. घाई नसेल तर तिथे अवश्य प्रयत्न करा. आरोग्य विमा असेल तर एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. भरती न होता ओपीडीत केलेली तपासणी बऱ्याच पॉलिसींत बसत नाही. पुढे त्याच आजारासाठी भरती व्हावं लागलं तर आधीच्या ठरावीक दिवसांतला तपासणीचा खर्च मागता येतो. म्हणून बिल आणि चिठ्ठी दोन्ही मूळ प्रत जपा.

सिक्रेटिन एमआरसीपी हवी असेल तर ‘तुमच्याकडे होते का’ एवढंच विचारून थांबू नका. ‘इंजेक्शन तुमच्याकडे उपलब्ध असतं का, की आम्ही आणायचं’ हेही विचारा.

५. बरोबर न्यायची कागदपत्रं आणि वस्तू

- डॉक्टरांची मूळ चिठ्ठी, मोबाइलवरचा फोटो नव्हे
- आधार किंवा दुसरं ओळखपत्र
- आधीचे सोनोग्राफी, सीटी, एमआरआय रिपोर्ट आणि त्यांच्या सीडी (नुसते रिपोर्ट नेले तर तुलना होत नाही)
- ताजा क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाचा) रिपोर्ट, कॉन्ट्रास्ट द्यायचा असेल तर
- झालेल्या ऑपरेशनची डिस्चार्ज समरी, विशेषतः शरीरात क्लिप, स्टेंट, प्लेट, रॉड किंवा झडप असेल तर
- पेसमेकर किंवा कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर त्याचं कार्ड. त्याशिवाय आत घेत नाहीत आणि घेऊही नये
- चालू गोळ्यांची यादी
- स्वेटर किंवा शाल. खोली गार असते
- तपासणीनंतर खायला काहीतरी, मधुमेही असेल तर साखरही

स्त्रियांनी गर्भधारणेची शक्यता असेल तर आधीच सांगावं. तांबी बसवलेली असेल तर तीही फॉर्मवर लिहावी. ती सहसा आड येत नाही, पण सांगणं बरं.

६. आदला दिवस आणि ती सकाळ

साधारण चार ते सहा तास उपाशी राहायला सांगतात. कारण सोपं आहे. एमआरसीपीत पाणी पांढरं दिसतं. जठरात चहा असला तर तोही पांढराच दिसणार आणि मागची नळी त्या पांढऱ्या ढगात हरवणार. उपाशी असलं की पित्ताशयही भरलेलं राहतं. ‘फक्त अर्धा कप चहा घेतला’ असं म्हणणारे भेटतात. तो अर्धा कप जठरात असतो, म्हणजे नेमका नको तिथे.

काही ठिकाणी तपासणीच्या आधी अननसाचा रस प्यायला देतात. उपाशी राहायला सांगून रस कसा देतात, असं वाटतं. अननसात मँगनीज असतं आणि त्यामुळे जठरातलं पाणी या प्रतिमांत काळं पडतं. सेंटरने सांगितलं तरच आणि सांगितलेला तोच रस घ्या. घरून कुठल्या तरी फळाचा रस पिऊन जाऊ नका.

गोळ्यांबाबत दोन गोष्टी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपाशीपोटी साखर खाली जाऊ शकते, तेव्हा सकाळची पहिली वेळ मागा आणि त्या दिवशीचा डोस डॉक्टरांना विचारून ठरवा. स्वादुपिंडाच्या आजारातून झालेल्या मधुमेहात साखर एकदम खाली जाण्याचा धोका जास्त असतो, म्हणून हे अंदाजाने करू नका. इन्सुलिन पंप एमआरआयच्या खोलीत नेता येत नाही. दंडावरच्या साखरेच्या सेन्सरबद्दल आधी फोन करून विचारा, नाहीतर नवाकोरा सेन्सर तिथेच काढावा लागेल.

दुसरी गोष्ट सिक्रेटिन घेणाऱ्यांसाठी. पोटात कळ आली की आपल्याकडे डायसायक्लोमिनची गोळी सर्रास घेतली जाते. ती आणि तिच्यासारखी आतड्याची हालचाल मंदावणारी औषधं सिक्रेटिनला मिळणारा प्रतिसाद कमी करू शकतात. म्हणजे स्वादुपिंड बरं असूनही रिपोर्टवर आळशी दिसणार. आदल्या रात्री पोट दुखलं म्हणून घेतली असेल तर टेक्निशियनला सांगा. किती आधी बंद करायची ते डॉक्टरांना विचारा.

७. धातू: करदोड्यापासून सिलिंडरपर्यंत

एमआरआयचं चुंबक मशीन शांत असतानाही चालूच असतं. १.५ टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट. त्यामुळे मोबाइल, किल्ल्या, नाणी, कार्ड, घड्याळ, पट्टा हे तर बाहेर ठेवायचंच. आपल्या लोकांच्या अंगावर आणखी बरंच असतं आणि ते यादीत छापलेलं नसतं. मंगळसूत्र, जोडवी, पैंजण, नथ, हेअरपिन, साडीची पिन, ज्योतिषाने दिलेलं तांब्याचं कडं, दंडावरचा ताईत. पुरुषांच्या आणि लहान मुलांच्या कमरेचा चांदीचा करदोडा तर हमखास विसरला जातो. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण पोटाच्याच पातळीवर धातू असला तर तिथली प्रतिमा बिघडते. शिवाय आत धातू तापूही शकतो.

जोडवी निघत नसतील तर आदल्या दिवशी घरीच साबण लावून काढून ठेवा. ऐन वेळी पाय सुजलेला असतो, मागे रांग असते आणि सासूबाईंचा फोनही त्याच क्षणी येतो. जरीची साडी, धातूची चेन किंवा हूक असलेले कपडे नकोत. बहुतेक ठिकाणी गाऊन देतात.

ही खबरदारी बरोबर आलेल्यांनीही घ्यायची. २०१८ च्या जानेवारीत मुंबईत रुग्णाबरोबर ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला नातेवाईक मशीनमध्ये ओढला गेला आणि त्याचा मृत्यू झाला. व्हीलचेअर, सलाईनचा स्टँड, सिलिंडर यांतलं काहीही आत न्यायला कुणी सांगितलं, अगदी कर्मचाऱ्याने सांगितलं, तरी टेक्निशियनला विचारल्याशिवाय दाराच्या पुढे पाऊल टाकू नका.

८. मशीनच्या आत

पाठीवर झोपवतात, पोटावर एक चपटी कॉइल ठेवून पट्टे बांधतात, कानात बोळे किंवा हेडफोन, हातात दाबायचा रबरी फुगा. मग टेबल आत सरकतं. साधी एमआरसीपी अर्ध्या तासाच्या आसपास उरकते, कॉन्ट्रास्ट किंवा सिक्रेटिन असेल तर जास्त वेळ लागतो.

दुखत काहीच नाही. आवाज मात्र भरपूर: ठकठक, मग भोंग्यासारखा एकसुरी घूं, मग परत ठकठक. हेडफोनमधून सूचना येतात, बऱ्याच ठिकाणी त्या रेकॉर्ड केलेल्या हिंदीत असतात: “साँस लो… छोडो… रोको.” तुमच्या गावाकडच्या आजीला हिंदी नीट कळत नसेल किंवा कमी ऐकू येत असेल तर आधी टेक्निशियनला सांगून मराठीत दोन वेळा सराव करून घ्या. श्वास सोडून मग रोखायचा असेल तर तसा, भरून रोखायचा असेल तर तसा, पण दर वेळी एकसारखाच. नळी दोन-तीन मिलिमीटरची असते. श्वासाबरोबर स्वादुपिंड वरखाली सरकतं, तेव्हा अर्धवट सुटलेला श्वास म्हणजे अस्पष्ट प्रतिमा.

काही प्रतिमा श्वास न रोखता, तुमच्या श्वासाची लय पकडून घेतल्या जातात. त्या वेळी संथ, एकसारखा श्वास घ्या. झोप लागू देऊ नका, झोपेत लय बदलते आणि तीच प्रतिमा परत घ्यावी लागते. माझा भाऊ मनातल्या मनात पाढे म्हणतो. एकोणतीसचा पाढा आला की बाहेर काढतात, असं त्याचं म्हणणं.

बंद जागेची भीती वाटत असेल तर ती अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. सौम्य गुंगीचं औषध देता येतं, मात्र मग बरोबर माणूस हवा आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

९. सिक्रेटिन दिलं तर काय होतं

आपण जेवलो की जठरातलं आम्ल लहान आतड्यात उतरतं. तिथल्या पेशी सिक्रेटिन नावाचं हॉर्मोन रक्तात सोडतात आणि त्याच्या सांगण्यावरून स्वादुपिंडाच्या नळ्या बायकार्बोनेटयुक्त पाणी ओततात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये हे शोधलं. शास्त्राला सापडलेलं पहिलं हॉर्मोन ते हेच. तपासणीत तेच हॉर्मोन शिरेतून देतात, म्हणजे जेवण न घालता स्वादुपिंडाला कामाला लावतात.

हातात आधी इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत औषध द्यायची बारीक नळी, बसवतात. डोस वजनावर ठरतो: किलोमागे ०.२ मायक्रोग्रॅम, साधारण मिनिटभरात हळूहळू. साठ किलोच्या माणसाला १२ मायक्रोग्रॅम झाले. ॲलर्जी बघायला आधी अगदी थोडं औषध देऊन बघतात. मग दहा मिनिटं, साधारण दर अर्ध्या मिनिटाला, त्याच जागेची प्रतिमा.

या दहा मिनिटांत काय घडतं ते मला पडद्यावर दाखवलं होतं, म्हणून सांगतो. सुरुवातीला मुख्य नळी म्हणजे केसासारखी पांढरी रेघ, तिचा मधला तुकडा तर दिसतही नव्हता. तीन-चार मिनिटांनी तीच रेघ जाड झाली, तुटलेला भाग जोडला गेला. मग आतड्याच्या वळणात पांढरं पाणी उतरायला लागलं, आधी वरच्या भागात, मग खाली. निरोगी माणसात नळी काही मिनिटांत फुगते आणि दहाव्या मिनिटापर्यंत पुन्हा पूर्वीसारखी होते. फुगलीच नाही तर ती कडक झाली असू शकते. फुगून तशीच राहिली तर पुढे अडथळा असण्याची शंका येते.

आतड्यात पाणी किती दूर गेलं यावरून प्रतवारी करतात. ही पद्धत ब्रसेल्समधल्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये मांडली. पाणी आलंच नाही तर ०, आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या फुगीर भागापुरतं आलं तर १, खालच्या वळणापर्यंत गेलं तर २, त्या वळणाच्या पुढे गेलं तर ३. तीन म्हणजे स्वादुपिंड पुरेसा रस सोडतंय.

पण इथेही जरा थांबून विचार करा. दिसतं ते पाणी. ते मुख्यतः नळ्यांच्या पेशींचं काम. एंझाइम बनवतात त्या पेशी वेगळ्या, त्यांचं काम या प्रतिमेत थेट दिसत नाही. शिवाय आधीपासून आतड्यात पाणी असलं तर प्रत फुगते आणि वाटेत खडा अडकला असेल तर रस तयार होऊनही बाहेर दिसत नाही. म्हणून ग्रेड २ वाचून रात्रीची झोप उडवून घेऊ नका.

त्रास काय होतो? तोंड गरम झाल्यासारखं वाटणं, मळमळ, पोटात थोडी कळ, बहुतेकांना थोड्या वेळापुरतं. ताजा पँक्रिएटायटिसचा झटका चालू असताना सिक्रेटिन देत नाहीत, झटका ओसरल्यावरच.

आता व्यवहाराचं. मानवी सिक्रेटिनला अमेरिकेत २००४ मध्ये मंजुरी मिळाली. आपल्याकडे ते सहज मिळत नाही आणि महाग आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईतसुद्धा बहुतेक ठिकाणी साधी एमआरसीपीच होते. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या नातेवाइकाला ही तपासणी सांगितली आणि तुम्हाला नाही सांगितली, तर तुमच्या डॉक्टरांना येत नाही असा अर्थ काढू नका. जपानमध्ये इंजेक्शनशिवाय, नळीतल्या रसाची हालचालच टिपणारी एमआरआयची पद्धत विकसित झाली आहे. ती इथे सर्रास वापरात येईल तेव्हा या लेखातला हा टप्पा मी आनंदाने खोडेन.

१०. रिपोर्ट वाचताना

रिपोर्टच्या शेवटी ‘इंप्रेशन’ असतं, सगळे आधी तेच वाचतात. मधला मजकूरही वाचा. शोधायचे शब्द हे.

‘मेन पँक्रिअॅटिक डक्ट’ आणि पुढे मिलिमीटर. डोक्यात तीनच्या आसपास, मध्ये दोन, शेपटीत एक, असं सर्वसाधारण माप. वयाबरोबर थोडं वाढतं. ‘डायलेटेड’ म्हणजे रुंदावलेली, ‘स्ट्रिक्चर’ म्हणजे अरुंद झालेली जागा, ‘बीडेड’ म्हणजे मण्यांच्या माळेसारखी, कुठे फुगलेली कुठे चिमटलेली. ‘फिलिंग डिफेक्ट’ म्हणजे बहुधा खडा. ‘अॅट्रोफी’ म्हणजे स्वादुपिंड बारीक झालेलं.

‘टी१ सिग्नल रिड्यूस्ड’ हे वाक्य दिसलं तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवा. निरोगी स्वादुपिंड प्रथिनांनी भरलेलं असल्यामुळे या विशिष्ट प्रतिमांत उजळ दिसतं. आजारात ती उजळी मंदावते, कधी नळीत बदल दिसण्याच्या आधीच. सिक्रेटिनशिवाय मिळणारा कामाबद्दलचा हा एक बारीक इशारा आहे.

‘पँक्रियाज डिव्हिजम’ म्हणजे जन्मतः नळ्यांची जोडणी वेगळी. शंभरातल्या पाच ते दहा जणांना असते आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात त्याचा पत्ताही लागत नाही. तसंच ‘छोटं सिस्ट’, म्हणजे पाण्याची पिशवीसारखी गाठ. वय वाढेल तसं ते अनेकांत सापडतं. त्यावर लक्ष ठेवायचं की नाही हे माप आणि नळीशी असलेला संबंध बघून ठरतं. इंटरनेटवर रात्री दोन वाजता ठरत नाही.

११. शौचाची तपासणी टाळू नका

लोक हजारो रुपयांचं स्कॅन आनंदाने करतात आणि डबीत संडास न्यायची म्हटलं की तोंड फिरवतात. पण ‘पचन किती होतंय’ या प्रश्नाचं साधं उत्तर इलास्टेजच्या तपासणीत मिळतं. इलास्टेज हे स्वादुपिंडाचंच एंझाइम, ते आतड्यात फारसं मोडत नाही. दर ग्रॅमला २०० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ठीक, १०० च्या खाली असेल तर कमतरतेची शंका पक्की होत जाते, मधलं सगळं धूसर.

एंझाइमच्या कॅप्सूल चालू असतील तर त्या बंद करायची गरज नसते, कारण चाचणी फक्त मानवी इलास्टेज पकडते. मात्र पातळ जुलाबाचा नमुना देऊ नका. पाण्याने पातळ झालं की आकडा खोटा खाली येतो. जुलाब असतील तर थांबा, घट्ट झाल्यावर द्या. छोट्या शहरातली लॅब नमुना बाहेर पाठवते, रिपोर्टला काही दिवस लागतात. म्हणून स्कॅनच्या आधी देऊन टाका, म्हणजे दोन्ही रिपोर्ट एकाच वेळी डॉक्टरांपुढे ठेवता येतात. सौम्य आजारात ही चाचणीसुद्धा चुकू शकते, तेव्हा आकडा, वजन, जेवण आणि लक्षणं एकत्रच सांगा.

१२. परत डॉक्टरांकडे जाताना

फिल्मपेक्षा सीडी किंवा ऑनलाइन लिंक महत्त्वाची, कारण त्यात सगळ्या प्रतिमा असतात. फिल्मवर निवडक छापलेल्या. सेंटरमधून निघण्याआधी सीडीवर नाव आणि तारीख बघा आणि घरी आल्यावर ती खरंच उघडते का ते तपासा. रिकामी सीडी मिळाल्याचं महिन्यांनी कळलं तर मूळ प्रतिमा तिथे असतीलच असं नाही. लिंक मिळाली असेल तर ती मुदतीत उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. आम्ही तारखेनुसार फोल्डर केले आहेत: वर्ष, महिना, तपासणी.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या. मागच्या स्कॅनपेक्षा नळीत काय बदललं? एंझाइमच्या कॅप्सूल सुरू करायच्या का आणि त्या जेवणाच्या कोणत्या टप्प्यावर घ्यायच्या? साखर किती महिन्यांनी बघायची? पुढचा स्कॅन कधी आणि कशासाठी? शेवटच्या प्रश्नाला ‘सध्या गरज नाही’ असं उत्तर मिळालं तर तेही तारखेसह फाइलमध्ये लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांसमोर घरातला प्रत्येक जण वेगळं सांगतो.